३१ मार्चच्या पलीकडे

(दृश्य : पुणे, नदीचं पात्र. सकाळचं ऊन, सरावाच्या बोटी.)

मार्च महिना. नदीत बोटी उतरल्यात. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या 'सीओईपी'त, रेगाटाचा, म्हणजे नौकांच्या वार्षिक सोहळ्याचा, सराव चाललाय.

याच महिन्यात राज्यातल्या सरकारी कार्यालयांत दुसरीच शर्यत लागलेली असते. मार्च एंडची. वर्षाचं अनुदान ३१ तारखेच्या आत खर्ची पडलं नाही, तर ते परत जातं. सरकारी भाषेत याला निधी 'समर्पित' करणं म्हणतात. शब्द भक्तिभावाचा आहे, भावना तशी नसते.

हा नियम आता एखाद्या तांत्रिक महाविद्यालयाला लावून पाहा. प्रयोगशाळेतलं जुनं यंत्र काही वर्षांनी बदलावं लागणार, हे विभागप्रमुखाला आजच माहीत असतं. त्यासाठी दरवर्षी थोडे पैसे बाजूला टाकायचे, तर तशी सोयच नाही. मग वर्षअखेरीला मंजुरी हातात पडते, घाईघाईनं दरपत्रकं मागवली जातात, तुलनात्मक तक्ता तयार होतो आणि मुदतीत जे मिळेल ते यंत्र येतं. हवं होतं ते राहून जातं.

अशा ठिकाणी पंचवार्षिक आराखडा लिहायला कुणाची ना नसते. पण पैसाच जर बारा महिन्यांचा असेल, तर पाच वर्षांचा विचार कशाच्या भरवशावर करायचा?

(दृश्य : शिवाजीनगर परिसर, महाविद्यालयाची जुनी दगडी इमारत.)

ही संस्था १८५४ची. नाव होतं 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल'. रस्ते, पूल, कालवे बांधायचे तर सरकारला हाताखाली शिकलेली माणसं हवी होती. ती तयार करणं एवढंच या शाळेचं काम. १८६६मध्ये ती मुंबई विद्यापीठाशी जोडली गेली आणि १९११मध्ये 'कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, पूना' झाली. नावं बदलली, तरी संस्था सरकारी खात्याचंच एक अंग राहिली. खात्याला माणसं किती लागतील, एवढाच हिशेब असेल तोवर ही रचना चालून गेली.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या इथलेच विद्यार्थी. १९०३मध्ये खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी आपोआप उघडणारी दारं बसवली. एरवी सांडव्यावरून वाहून जाणारं पाणी त्या दारांनी अडलं आणि धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला. ज्यानं वाया जाणारं पाणी अडवलं, त्याच्या महाविद्यालयाला मात्र पुढं एक शतक उलटेपर्यंत वर्षाकाठी उरलेला रुपया अडवून ठेवायची मुभा नव्हती.

पैशाइतकाच अवघड प्रश्न माणसांचा. सरकारी महाविद्यालयातला प्राध्यापक लोकसेवा आयोगाकडून येतो आणि बदलीच्या आदेशानं जातो. पुणे, कराड, अमरावती, छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचं औरंगाबाद). एखाद्यानं चार वर्षं खपून एखादी प्रयोगशाळा उभी करावी आणि जूनमध्ये हातात बदलीचा कागद पडावा. पुढचा माणूस येतो, त्याचा विषय वेगळा. यंत्रावर आच्छादन चढतं. जागा रिकामी राहिली तरी प्राचार्य ती भरू शकत नाही. आकृतिबंध, म्हणजे कुठली पदं किती याचा तक्ता, मंत्रालयात, मंजुरी मंत्रालयात. प्राचार्याच्या हाती उरतं ते स्मरणपत्र.

(दृश्य : सभागृह. लांब टेबल, मांडून ठेवलेल्या फायली.)

२००३मध्ये राज्य सरकारनं सीओईपीला स्वायत्तता दिली. पुढच्याच वर्षी मुंबईत व्हीजेटीआय या जुन्या तंत्रशिक्षण संस्थेला मिळाली. यामागं ध्येयवाद होता, तसा एक व्यवहारही होता. जागतिक बँकेच्या मदतीनं केंद्र सरकारनं तंत्रशिक्षणाच्या गुणवत्तावाढीचा 'टेक्विप' नावाचा कार्यक्रम हाती घेतला होता. त्याच्या पहिल्या टप्प्यात १३ राज्यांतल्या १२७ संस्था होत्या. पैसे हवे असतील, तर संस्थेला शैक्षणिक, प्रशासकीय, आर्थिक आणि व्यवस्थापकीय मोकळीक द्या, ही त्यातली अट. जे समित्यांच्या शिफारशींनी वर्षानुवर्षं झालं नव्हतं, ते अटीमुळं झालं.

या अटींमधली सर्वांत कमी बोलली जाणारी, आणि माझ्या मते सर्वांत मोलाची, म्हणजे चार निधी. एक कायम निधी, एक अध्यापकांच्या विकासासाठी, एक जुनी यंत्रं बदलण्यासाठी, एक देखभालीसाठी. संस्थेनं दरवर्षी त्यांत भर टाकायची. १ एप्रिलला हे पैसे तिथंच असतात. ऐकायला हे हिशेबनिसाचं काम वाटतं. पण विभागप्रमुखाला पहिल्यांदाच असं म्हणता येतं, की यंदा हे यंत्र नको, तीन वर्षांनी त्याहून चांगलं घेऊ.

स्वायत्ततेबरोबर नियामक मंडळ आलं. सीओईपीच्या मंडळाचं अध्यक्षपद टीसीएस या सॉफ्टवेअर कंपनीच्या उभारणीत मोठा वाटा असलेल्या फकीरचंद कोहली यांनी सांभाळलं. उद्योगातली माणसं, शिक्षणातली माणसं आणि सरकारचे प्रतिनिधी अशा मंडळात एका टेबलाशी बसतात. शिकवायचं काय, हे अभ्यास मंडळ आणि विद्वत परिषद पाहते. पैशाचं वित्त समिती पाहते. नियामक मंडळानं दिशा ठरवायची आणि संचालकाला जाब विचारायचा. त्याच्या खुर्चीत बसायचं नाही. कागदावर ही सीमा स्वच्छ दिसते. प्रत्यक्षात कुठल्याही मंडळात वर्गखोल्यांच्या रंगावर अर्धा तास रंगतो आणि पुढच्या पाच वर्षांत कोणती शाखा बंद करायची, हा विषय 'वेळेअभावी पुढील बैठकीत' जातो.

शाखा बंद करणं कुणालाच नको असतं. आराखड्यात नवं काय सुरू करायचं याची पानंच्या पानं सापडतात, थांबवायचं काय, याची ओळसुद्धा नसते. 'जागतिक दर्जाचं केंद्र बनणं' हे वाक्य कुठल्याही संस्थेच्या दर्शनी भिंतीवर लावलं तरी शोभतं, म्हणूनच त्याचा उपयोग नाही. कामाचा आराखडा ओळखायची माझी एक साधी खूण आहे. प्रत्येक उद्दिष्टासमोर एक नाव, एक तारीख आणि एक लेखाशीर्ष, म्हणजे पैसा कुठल्या खात्यातून येणार ते, आहे का, ते पाहायचं. तिन्हीपैकी एक जरी कोरं असेल, तर ती इच्छा आहे, आराखडा नव्हे.

राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांसाठी २०१६च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानं महाविद्यालय विकास समिती आणली. वर्षातून किमान चार वेळा भरायचं आणि सर्वंकष विकास आराखडा करायचा. समितीत शिक्षक आहेत, शिक्षकेतर कर्मचारी आहेत, विद्यार्थी परिषदेचा अध्यक्षही आहे. तो विद्यार्थी बैठकीत काय बोलतो, हे इतिवृत्तात शोधून पाहावं.

(दृश्य : पुन्हा महाविद्यालय. प्रवेशद्वारावरची नवी पाटी.)

२०२२मध्ये सीओईपीचं तंत्रज्ञान विद्यापीठ झालं. पदवी आता स्वतःची, परीक्षा स्वतःची, आणि निकाल लांबला तर बोट दाखवायला दुसरं विद्यापीठ नाही.

(दृश्य : सभागृहाचं दार बंद होतं. टेबलावर एक कागद.)

बैठकीचा विषय क्रमांक एक : मागील इतिवृत्तास मान्यता. विषय क्रमांक दोन : मागील ठरावांवरील कार्यवाही अहवाल. त्या तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात 'पूर्ण' किती आणि 'प्रलंबित' किती, ते एक सदस्य पेन्सिलीनं मोजतोय. बाकीचे अजून चहा घेतायत.