'सेकंद'ला 'दुसरा' का म्हणतात?

नमस्कार! घड्याळात सरतो तो सेकंद आणि शर्यतीत दुसरा येतो तो सेकंड. मराठीत आपण उच्चार वेगळे ठेवले, पण इंग्रजीत शब्द एकच आहे. मग वेळेच्या एवढ्याशा तुकड्याला 'दुसरा' का म्हणायचं?

त्यासाठी जुन्या खगोल अभ्यासकांची लॅटिन बघू. मोठ्या भागाचे साठ तुकडे केले की एका तुकड्याला ते म्हणायचे 'पार्स मिनुटा प्रिमा', पहिला बारीक भाग. त्याचे पुन्हा साठ केले की 'पार्स मिनुटा सेकुंदा', दुसऱ्या खेपेचा बारीक भाग. पहिल्या नावातला 'मिनुटा' राहिला, त्याचं झालं मिनिट. दुसऱ्यातला 'सेकुंदा' राहिला, त्याचा झाला सेकंद! आणि हे इथंच थांबलं नव्हतं. १२६७ साली रॉजर बेकन या इंग्रज विद्वानानं चंद्राच्या वेळा देताना सेकंदाचेही साठ भाग केले, त्यांचे पुन्हा साठ. म्हणजे तिसरा आणि चौथाही होता. ते मागे पडले. १९६७ पासून तर सेकंद सीझियम अणूच्या ९,१९२,६३१,७७० स्पंदनांवर मोजतात, पण नाव अजून तेच, 'दुसरा'.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. फर्स्ट, थर्ड, फोर्थ हे इंग्रजीचे घरचे शब्द. 'सेकंड' मात्र फ्रेंचमधून आला. त्याआधी तिथं दुसऱ्याला काय म्हणत? 'अदर'! आपल्या 'दुसरा'सारखंच: दुसरा नंबरही आणि दुसरा कुणीतरीही. 'एव्हरी अदर डे' म्हणजे एक दिवसाआड, यात तो जुना अर्थ अजून टिकून आहे.

बरं, सभेत कुणी ठराव मांडतं आणि कुणी तो 'सेकंड' करतं, अनुमोदन देतं. हा अर्थ कुठून आला? लॅटिन 'सेकुंदुस' म्हणजे मुळात 'मागोमाग येणारा'. पहिल्याच्या मागोमाग येतो तो दुसरा. जहाजाच्या मागून येणारा वाराही सेकुंदुसच, आणि तो जहाजाला पुढं ढकलतो, म्हणून 'अनुकूल', 'पाठबळ देणारा' हा अर्थ त्याला चिकटला. मुष्टियोद्ध्याच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या मदतनिसालाही सेकंड म्हणतात.

या शब्दाच्या मुळाशी 'मागोमाग जाणं' या अर्थाचा जो प्राचीन धातू आहे, तोच संस्कृतात 'सच्' होऊन आला. सच् म्हणजे सोबत असणं. त्यातूनच आपला 'सचिव'.