‘पेशंट सहकार्य करत नाही’

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘एनआयव्हीसाठी मास्कची निवड’, आणि त्यावर मी बोलणारच आहे. एनआयव्ही म्हणजे घशात नळी न घालता, मास्कमधून यंत्राने श्वासाला दिलेला आधार. पण आधी एका वाक्याबद्दल बोलू द्या. तुम्ही सगळ्यांनी ते केसपेपरवर वाचलंय, बऱ्याच जणांनी लिहिलंय, मीही लिहिलंय: ‘पेशंट एनआयव्हीला सहकार्य करत नाही.’

या वाक्याचा मला राग आहे, कारण ते लिहिलं की पुढची वाट ठरून जाते: घशात श्वासाची नळी, गुंगीची औषधं, आयसीयूतले दिवस. एनआयव्ही काय वाचवू शकतं, ते इथे बसलेल्यांना माहीत आहे. १९९५ साली फ्रेंच डॉक्टर ब्रोशार आणि सहकाऱ्यांनी सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट, श्वास अडवणारा आजार) एकदम बळावलेल्या ८५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुसत्या नेहमीच्या उपचारांवर ७४ टक्क्यांना नळी घालावी लागली, एनआयव्ही दिलेल्यांत २६ टक्क्यांना. मृत्यू २९ टक्के विरुद्ध ९ टक्के. पण हे सगळं केव्हा? मास्क तोंडावर टिकला तर.

मी शिकत असतानाची एक रात्र सांगतो. एका निवृत्त शिक्षिका. सीओपीडी, रक्ताचा पीएच ७.२६, म्हणजे रक्त आम्लतेकडे झुकलेलं, कार्बन डायऑक्साइड चढलेला, पण हाक मारली की डोळे उघडून उत्तर देत होत्या. म्हणजे एनआयव्हीसाठी अगदी योग्य रुग्ण. कपाटात लार्ज मास्क होता, मी तोच लावला. मोठा मास्क सगळ्यांना होतो, असं मला तेव्हा वाटायचं. हवा थेट डोळ्यांत जायला लागली. अलार्म वाजला, मी पट्टे आवळले. पुन्हा अलार्म, पुन्हा आवळले. अर्ध्या तासात नाकाचं हाड लाल झालं आणि बाईंनी मास्क ओढून काढला. तीनदा काढला. मी ते वाक्य लिहिलं आणि हात बांधायचा विचार बोलून दाखवला. आज सांगताना अंगावर काटा येतो. तोंड-नाक झाकणारा मास्क घातलेल्या माणसाचे हात बांधले आणि त्याला उलटी झाली, तर तो मास्क काढणार कोण?

रात्रपाळीच्या सिस्टर आल्या. त्यांनी मशीनला हातच लावला नाही. आधी लॉकरवरची डबी उघडली. बाईंची कवळी आम्ही काढून ठेवली होती, त्यामुळे गाल आत गेले होते आणि मास्कची कड गालाला टेकतच नव्हती. कवळी घट्ट बसणारी होती, बाई शुद्धीत होत्या, म्हणून सिस्टरांनी ती परत बसवली. मग मास्कच्या खोक्यात येते ती मापाची पट्टी घेतली, बाईंना तोंड किंचित उघडायला सांगितलं आणि नाकाच्या हाडापासून खालच्या ओठाच्या खालपर्यंत माप धरलं. स्मॉल निघालं. पट्टे न लावता मास्क बाईंच्याच हातात दिला. म्हणाल्या, “बाई, हा तुम्हीच धरा. नको वाटलं की बाजूला करा.” दाब कमी करवून घेतले, वरचा म्हणजे श्वास घेतानाचा ८, खालचा म्हणजे सोडतानाचा ४. दहा मिनिटांनी बाईंनी स्वतःच मान हलवून पट्टे लावायची खूण केली. पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढीच ओढ ठेवली, मग दाब हळूहळू वाढवला. पहाटेच्या एबीजीत, म्हणजे धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत, पीएच सुधारून ७.३३.

आवळल्याने लीक, म्हणजे हवेची गळती, का वाढलं, तेही बघा. मास्कची पातळ कड हवेच्या दाबाने फुगते आणि त्वचेला बिलगते. आवळली की चपटी होते, तिला चुणी पडते आणि त्या चुणीतूनच हवा निसटते. थोडं लीक मशीन भरून काढतं. डोळ्यांत जाणारं लीक मात्र चालवून घेऊ नका.

जाता जाता एक सांगतो. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर कॉलिन सलिवन यांनी १९८१ साली स्लीप ॲप्नियासाठी (झोपेत श्वास अडण्याचा आजार) नाकावाटे सीपॅप, म्हणजे हवेचा सतत एकसारखा दाब, दिला. त्या सुरुवातीच्या काळात मास्क एकेका रुग्णाच्या चेहऱ्याचा साचा घेऊन बनवत. एक चेहरा, एक मास्क. पुढे मास्क तयार मापात यायला लागले आणि आपण चेहऱ्याकडे बघणं सोडलं.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा छापलेला विषय आता भरभर.

मापाच्याही आधी भोक बघा. एकनळी सर्किट असेल तर उच्छ्वास बाहेर पडायला मास्कला किंवा नळीला मुद्दाम ठेवलेलं छिद्र हवंच. ते नसेल तर रुग्ण स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड पुन्हा आत घेतो आणि तुम्ही दाब वाढवत बसता. खालचा दाब ४ च्या खाली नेऊ नका, छिद्रातून हवा धुतली जायला तेवढा लागतो. दोन नळ्यांच्या आयसीयू व्हेंटिलेटरला उलट बिनछिद्री मास्क. बऱ्याच कंपन्या बिनछिद्री मास्कचा कोपरा निळा करतात, पण रंगावर विसंबू नका, छिद्रावर बोट ठेवून खात्री करा.

तातडीच्या अवस्थेत सुरुवात तोंड-नाक मास्कने, कारण धाप लागलेला माणूस तोंडानेच श्वास घेतो आणि नाकाच्या मास्कमधला दाब तोंडातून निघून जातो. नाकाचा मास्क पुढे, घरी रोज रात्री लावायच्या वेळी. नाकाचं हाड लाल दिसलं तर जखमेची वाट बघू नका. पूर्ण चेहऱ्याचा किंवा नाकाखाली बसणारा मास्क आलटून पालटून द्या, म्हणजे दाबाची जागा बदलते. स्नायूंच्या आजारात दिवसा माउथपीस चालतं, ओठांची पकड शाबूत असेपर्यंत. अख्खं डोकं झाकणाऱ्या पारदर्शक हेल्मेटमध्ये नाकावर दाब नाही, पण आवाज फार, आणि त्यातून सीपॅप देताना हवेचा प्रवाह मिनिटाला निदान ६० लिटर हवा, नाहीतर आत कार्बन डायऑक्साइड साठतो. सीओपीडीत माझी पहिली निवड हेल्मेट नाही.

मागच्या टेबलावर सात मास्क ठेवलेत. त्यातले दोन बिनछिद्री आहेत. हातात घ्या, स्वतःच्या तोंडाला धरून बघा आणि ते दोन कोणते, मला येऊन सांगा.