पंपाचा हिशेब मोठ्या पडद्यावर

(सांगलीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय तो आगीच्या बंबावरच्या पंपाच्या हिशेबाचं मोबाइल ॲप संगणकावर चालवण्याचा. ते सांगणार आहेच. पुढच्या रांगांत कुपवाड एमआयडीसीतले सेफ्टीवाले दिसतायत, मागे बंबावरची मंडळी आहेत. तेव्हा फ्रिक्शन लॉस, म्हणजे होजमध्ये, पाण्याच्या नळीत, घर्षणानं घटणारा दाब, हे समजावत बसत नाही. चहा आणि भडंग साडेसहाला आहे, ही सूचनाही आयोजकांनी दोनदा दिलीय.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे ॲप आगीच्या जागी खिशातून काढायची वस्तू नाही. तिथं हात ओले, हातमोजे चढवलेले, इंजिनाची घरघर आणि वरून कुणीतरी 'पाणी वाढवा' म्हणून ओरडतंय. अशा वेळी बोटाएवढ्या रकान्यात होजची लांबी कोण भरणार? हिशेब स्टेशनातल्या टेबलावर, चार जणांना दिसेल अशा पडद्यावर आधी व्हावा आणि बंबावर त्याचा तक्ता जावा. संगणक हवा तो यासाठी.

आता तक्रार. यातली बरीच ॲप अमेरिकन आहेत. दाब पीएसआयमध्ये, म्हणजे चौरस इंचाला पौंडात, प्रवाह गॅलनमध्ये, होज इंचात आणि फुटांत. आपल्या पॅनेलवरचा गेज किलो, म्हणजे चौरस सेंटीमीटरला किलो, दाखवतो, पंपाच्या पाटीवर लिटर प्रति मिनिट, होज 63 मिलिमीटरची. 63 म्हणजे अडीच इंच, तिथवर ठीक. घोळ पुढे होतो.

लॉसचं अमेरिकन सूत्र सोपं आहे: गुणक, गुणिले शंभर गॅलनच्या पटीतल्या प्रवाहाचा वर्ग, गुणिले शंभर फुटांच्या पटीतली लांबी. अडीच इंची होजला गुणक 2. आपल्याकडचं उदाहरण घेऊ. 30 मीटरच्या चार होज, म्हणजे 120 मीटर, आणि 900 लिटर प्रति मिनिट. अमेरिकन गॅलन 3.785 लिटरचा, म्हणून प्रवाह 238 गॅलन. लांबी 394 फूट. लॉस येतो साडेचव्वेचाळीस पीएसआय, म्हणजे 3.1 किलो.

पण आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांत गॅलन इंग्रजी आहे, 4.546 लिटरचा. त्यानं भागून कुणी 198 भरले तर ॲप बिनतक्रार उत्तर देतं: 2.2 किलो. ब्रांचवर, म्हणजे होजच्या टोकाच्या नोझलवर, जवळजवळ एक किलो कमी पोचला. याउलट 900 लिटर सरळ गॅलनच्या रकान्यात टाकले तर लॉस सहाशे पीएसआयच्या वर जातो. तो आकडा बघून कालचा भरती झालेला पोरगाही हसेल. म्हणून मला मोठ्या चुकीची भीती वाटत नाही. 2.2 खरा वाटतो, म्हणून तो घातक.

(मागून प्रश्न: ॲपमध्ये मेट्रिकचं बटण असतं ना?) असतं. काहींत ते फक्त उत्तराचं एकक बदलतं, भरायचे रकाने तसेच राहतात. बटण दाबलं की हेच उदाहरण पुन्हा घालून बघा, 3.1 आलं पाहिजे.

हेच उदाहरण पुढे नेऊ. फॉग ब्रांचला 7 किलो, लॉस 3.1, आणि 12 मीटर उंचीवर चौथ्या मजल्याला 1.2. बेरीज 11.3, एवढा दाब पंपानं द्यायचा. आपल्या बंबाचा लिटरचा आकडा 7 किलोच्या दाबाला दिलेला असतो. दाब चढवत नेला की लिटर घटतात. मग थ्रॉटल पिळत बसायचं का? नाही. दोन समांतर लाइन टाकून पुढे एकत्र आणा. प्रत्येकीत प्रवाह निम्मा, लॉस चौथाई, म्हणजे 0.8. बेरीज 9 वर आली. तरी 9 ला किती लिटर मिळतात, ते पंपाच्या वक्रावर, दाब-प्रवाहाच्या आलेखावर, बघायचंच.

सक्शनचंही, म्हणजे नदी-तलावातून पाणी वर ओढण्याचंही, एक सांगतो. ते पाणी हवेच्या दाबावरच चढतं, आणि तो दाब सांगलीत सुमारे 9.7 मीटर पाण्याच्या स्तंभाएवढा, महाबळेश्वरात 8.8 च्या आसपास. कृष्णेच्या घाटावर ओढलेली उंची वेण्णा तलावावर मिळेलच असं नाही. ज्या ॲपला उंची विचारायची बुद्धी नाही, त्याचं सक्शनचं पान उघडूच नका.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतायत. मूळ विषय उरकतो.

तीन रस्ते आहेत. पहिला एम्युलेटर, म्हणजे विंडोजच्या पोटात अँड्रॉइड. ब्लूस्टॅक्स किंवा अँड्रॉइड स्टुडिओमधला. आधी टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, सीपीयू, आणि 'व्हर्च्युअलायझेशन' पुढे 'एनेबल्ड' आहे का बघा. नसेल तर मशीन चालू होताना एफ 2 किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जा. इंटेलला व्हीटी-एक्स, एएमडीला एसव्हीएम, ते चालू करा. हे न केल्यानं एम्युलेटर रांगतो आणि शिव्या ॲपला बसतात. रॅम 8 जीबी हवी. 4 वर उघडेल, पण सोबत दुसरं काही उघडू नका. ॲप एम्युलेटरमधल्या प्ले स्टोअरवरूनच घ्या, कुठूनतरी आणलेली एपीके फाइल नको. फोनमधलं सेटिंग बहुधा आपोआप येत नाही, होजचे गुणक पुन्हा भरावे लागतात. आणि अँड्रॉइडची भाषा इंग्रजीच ठेवा. मराठी केली की काही ॲप देवनागरी आकडे दाखवतात आणि तेच परत वाचताना अडखळतात. मायक्रोसॉफ्टची स्वतःची अँड्रॉइड सोय होती, ती मार्च 2025 मध्ये बंद झाली. तिचे जुने व्हिडिओ बघून वेळ घालवू नका.

दुसरा रस्ता ऑफिसातल्या जुन्या मशीनसाठी, आणि माझ्या मते बहुतेकांना पुरेल असा. एस-सी-आर-सी-पी-वाय नावाचं फुकट साधन. फोनच्या माहितीत बिल्ड नंबर सात वेळा दाबा, डेव्हलपर ऑप्शनमध्ये यूएसबी डीबगिंग चालू करा, केबल लावा, प्रोग्रॅम चालवा. फोनचा पडदा मॉनिटरवर येतो, कीबोर्डनं आकडे भरता येतात. ॲप फोनवरच चालतं, संगणकावर ओझं नाही. काम झालं की डीबगिंग बंद करा.

आयफोनचं ॲप विंडोजवर चालणार नाही. एम मालिकेच्या मॅकवर चालू शकतं, तेही बनवणाऱ्यानं परवानगी ठेवली असेल तरच.

तिसरा रस्ता एक्सेल. लिटरचा वर्ग, गुणिले मीटर, गुणिले 3.22, भागिले दहा कोटी. 63 च्या होजचा लॉस थेट किलोत. ॲपचं उत्तर आणि हे उत्तर जुळलं नाही तर एककाच्या रकान्यात शोधा.

आणि तक्ता छापायच्या आधी आवारात 120 मीटर होज सपाट अंथरा. दोन्ही टोकांना गेज लावून प्रवाह चालू ठेवा आणि फरक मोजा. तुमची होज जुनी किंवा आतून खडबडीत असेल तर गुणक 2 राहत नाही. जो निघेल तो ॲपमध्ये भरा, मगच लॅमिनेशनला द्या.