तीन खुर्च्या

(दृश्य : रिकामी खोली. समोरासमोर दोन खुर्च्या, तिसरी जरा बाजूला.)

एका खुर्चीवर समुपदेशक, समोर क्लायंट, बाजूला निरीक्षक. तिघेही समुपदेशन शिकणारे विद्यार्थीच; हा त्यांचा सराव. थोड्या वेळाने जागा बदलायच्या. गोष्ट खरी हवी, पण हलकी. जुनी जखम इथे उघडायची नाही, आणि खोलीतलं खोलीबाहेर न्यायचं नाही.

मुलगी म्हणते, "घरी हल्ली कुणाशी बोलावंसंच वाटत नाही."

समोरचा मुलगा लगेच पुढे सरकतो. "अगं, पण एकदा बोलून तर बघ!"

निरीक्षकाच्या वहीत नोंद होते : सल्ला.

'समुपदेशन' या शब्दाच्या पोटातच 'उपदेश' बसलाय, आणि वर्गात पहिली बंदी येते ती त्याच्यावरच.

(दृश्य : स्क्रीनवर आकड्यांचे रकाने.)

मानसशास्त्र आणि समुपदेशन एकत्र शिकायला येणाऱ्या बहुतेकांना ओढ असते त्या खुर्च्यांची. वाट्याला आधी येतं संख्याशास्त्र. सरासरी, प्रमाण विचलन, टी-टेस्ट. माणसं समजून घ्यायला आलो आणि हे काय निघालं, असं पहिल्या सत्रात जवळजवळ प्रत्येक जण कुरकुरतो. पण हा विषय प्रयोगशाळेतच वाढला. जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिगला प्रयोगशाळा काढली, तेव्हापासून मोजमापाची ही सवय अंगात मुरलेली आहे.

ती का हवी, हे एका प्रयोगातून चांगलं कळतं.

(दृश्य : दोन खेळण्यातल्या मोटारी, हळूहळू जवळ येताना.)

१९७४. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर हे मानसशास्त्रज्ञ विद्यार्थ्यांना मोटार अपघाताच्या फिती दाखवतात आणि वेगाचा अंदाज विचारतात. प्रश्नात फक्त क्रियापद बदलतं. गाड्या 'एकमेकींवर आदळून चेपल्या' असं विचारलं, तर सरासरी उत्तर ताशी ४० मैलांच्या थोडं वर. नुसत्या 'एकमेकींना लागल्या' म्हटलं, तर ३१.८.

पुढचा भाग जास्त अस्वस्थ करणारा. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारलं : फुटलेली काच पाहिलीत का? फितीत काच फुटलेलीच नव्हती. तरी 'चेपल्या' हा शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण 'हो' म्हणाले. साधं 'धडकल्या' ऐकलेल्या ५० जणांपैकी ७.

हे वाचून विद्यार्थी पुन्हा त्या खुर्चीवर बसतो, तेव्हा "तुला राग आला असेल ना?" हा प्रश्न त्याच्या घशात अडकतो. राग तिचा, की आपण तिच्या तोंडी घातलेला?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी समुपदेशनाच्या बैठका तबकड्यांवर मुद्रित केल्या, आणि १९४२ मध्ये एका क्लायंटच्या सगळ्या बैठका शब्दशः छापल्या. बंद दारामागचं बोलणं असं तपासायला मोकळं झालं. आजचे विद्यार्थीही सरावाची दहा-पंधरा मिनिटं रेकॉर्ड करून शब्दन् शब्द उतरवून काढतात. स्वतःचा आवाज ऐकताना लाज वाटते. आपण किती वेळा मध्येच तोंड घातलं, ते कागदावर लपत नाही.

मग काही जण दुसऱ्या टोकाला जातात. क्लायंटचंच वाक्य परत क्लायंटला. "तुम्हाला एकटं वाटतं... म्हणजे तुम्हाला एकटं वाटतं." एवढं तर १९६६ मध्ये जोसेफ वायझेनबाउम यांचा 'एलिझा' हा संगणक प्रोग्रामही करत होता! आणि गंमत म्हणजे, त्याच्याशी मनातलं बोलणारी माणसंही भेटली.

पदवी हातात आली म्हणजे समुपदेशक झालो, असं सहसा होत नाही. पुढचं प्रशिक्षण असतं, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली घेतलेल्या केसेस असतात. घाई झालेल्यांना हे रुचत नाही. मित्रमैत्रिणींना परस्पर आजारांची लेबलं चिकटवणारे दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी पाहिले, की ही सक्ती बरीच वाटते.

(दृश्य : तीच खोली, काही महिन्यांनी.)

"घरी हल्ली कुणाशी बोलावंसंच वाटत नाही."

मुलगा तोंड उघडतो. मिटतो.

"कुणाशीच नाही," तो हलकेच म्हणतो, आणि थांबतो.

घड्याळाची टिकटिक. मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळते, सोडते.

"तसं नाही... आजीशी बोलते मी."

निरीक्षकाचं पेन वहीवरच थांबलेलं.