चित्र दिसतं, हात दिसतो का?

(दृश्य: परळ, सकाळ. हॉस्पिटलबाहेरचा फुटपाथ, चटया, पिशव्या, हातात फायली घेतलेली माणसं.)

परळच्या या फुटपाथवर राज्यभरातली माणसं आहेत, कुणी नांदेडचं, कुणी चिपळूणचं, नि यातले बरेच जण नुसत्या एका तपासणीसाठी एवढ्या लांब आलेत. तसल्याच एका तपासणीचं नाव एन्डोस्कोपिक अल्ट्रासाऊंड, डॉक्टर लोक ईयूएस म्हणतात.

साधी सोनोग्राफी पोटावरून होते, पण स्वादुपिंड बसलंय जठराच्या मागे आणि मध्ये गॅस, गॅसमधून त्या लहरी नीट जातच नाहीत, म्हणून मग दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफीचा छोटा प्रोब बसवून तो तोंडातून आत नेतात आणि जठराच्या भिंतीला टेकवून पलीकडचं स्वादुपिंड अगदी जवळून बघतात. १९८० च्या सुमारास हे तंत्र आलं, पुढे ९० च्या दशकात त्यातूनच सुई घालून गाठीचा नमुना घेता यायला लागला.

शिकायला मात्र फार अवघड. अमेरिकेतल्या एएसजीई या डॉक्टरांच्या संघटनेचं म्हणणं, देखरेखीखाली किमान २२५ केसेस झाल्याशिवाय शिकाऊ डॉक्टर तयार झाला का हे तपासायलाही घेऊ नका. आता जिल्ह्याच्या गावात प्रॅक्टिस करणारा डॉक्टर एवढ्या केसेससाठी दवाखान्याला कुलूप लावून मुंबईत महिनोन्महिने कसा राहणार? मशीन घेतलेलं असतं, ईएमआय चालू असतो, आणि चालवणारा हात तयार नसतो.

(दृश्य: स्क्रीनवर तीन चौकटी.)

म्हणून मुंबईतल्या एक तज्ज्ञ मॅडम अशा डॉक्टरांना व्हिडिओवरून, लांबूनच ईयूएस शिकवतात. लांबून शिकवणं तसं नवीन नाही. २००३ मध्ये न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरांनी प्रोजेक्ट एको सुरू केला, हेपॅटायटिस सी चे पेशंट गावातल्या डॉक्टरनेच सांभाळायचे आणि तज्ज्ञांनी व्हिडिओवरून मदत करायची. ते जमलं, कारण तिथे प्रश्न औषधाचा होता, निर्णयाचा होता. इथे प्रश्न मनगटाचा आहे. कोविडमध्ये वेबिनार किती झाले, एकेक व्हिडिओ इतका सुंदर, पण ते बघून डोळा तयार होतो, हात नाही होत.

म्हणून या तीन चौकटी नीट बघा. एकात दुर्बिणीचं चित्र, दुसरीत सोनोग्राफीचं, आणि तिसरीत शिकणाऱ्याचे हात. माझ्या मते सगळ्यात मोलाची ही तिसरी. डाव्या हातात दुर्बिणीचं टोक वळवणारी दोन चाकं आणि एलिव्हेटर (सुईची दिशा बदलणारी कळ), उजव्या हातात स्कोपची नळी, आणि खरा खेळ या उजव्या हाताचा, कारण लिनियर स्कोप (ज्यातून सुई घालता येते ती ईयूएसची दुर्बीण) आतला एक पातळ काप दाखवतो, नळी जराशी फिरली की समोरची पित्तनलिका गेलीच, आणि ती का गेली हे नुसतं चित्र बघून मुंबईत बसलेल्या मॅडमना कळणार कसं?

मॅडम आधी अयोर्टा, म्हणजे शरीरातली मुख्य रक्तवाहिनी, शोधायला लावतात, मग तिच्यावरून खाली सरकत सिलियाक, एसएमए या तिच्या फांद्या, थोडं अजून पुढे ढकललं की स्वादुपिंडाचा मधला भाग. "आता क्लॉकवाइज, शेपटीकडे चला... थांबा डॉक्टर, कोपर उचललं गेलंय तुमचं." "हो मॅडम." कोपर! ते त्या तिसऱ्या कॅमेऱ्यामुळे दिसलं. नेट अडखळतं, सूचना पोचेपर्यंत हात पुढे गेलेला असतो, म्हणून इथे नियम एकच, एक सूचना, एक हालचाल, मग थांबायचं. आणि स्क्रीनवरचं पेशंटचं नाव आधीच झाकायचं, त्यात सवलत नाही.

(दृश्य: प्लास्टिकचा डबा, जेली, द्राक्षं.)

पेशंटवर जायच्या आधी हा डबा. नुसतं जिलेटिन असेल तर स्क्रीन काळी दिसते, त्यात इसबगोल मिसळलं की त्या कणांमुळे खऱ्या अवयवासारखा करडा पोत येतो, आत द्राक्ष पुरलं की झाली गाठ तयार! कुठल्याही गावात मिळणारं सामान, कितीदाही चुका, कुणाला इजा नाही, मला हे फार आवडतं.

सुई मात्र लांबून नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. सुईच्या वाटेत रक्तवाहिनी आहे का हे डॉपलर (वाहतं रक्त दाखवणारी सोनोग्राफी) लावून बघावं लागतं, रक्तस्राव होऊ शकतो, आणि तेव्हा शिकवणारं माणूस शेजारीच उभं हवं. त्यासाठी हे डॉक्टर मुंबईला येतात, पण सगळी स्टेशनं, म्हणजे स्कोप थांबवून बघायच्या ठरलेल्या जागा, ओळखता यायला लागल्यावरच, त्यामुळे इथले दिवस अयोर्टा शोधण्यात जात नाहीत, ते पूर्ण सुईला मिळतात.