पालथं की उताणं? मुतखड्याच्या ऑपरेशनआधीची गोष्ट

पेशंटला भूल दिलीये, श्वासाची नळी घातलीये, अजून ऑपरेशनच्या सुईचं टोकसुद्धा लागलेलं नाही, तरी टेबलाभोवती ही एवढी माणसं उभी आहेत बघा. ते आता त्याला पालथं करणार आहेत. डोकं आणि नळी भूलतज्ज्ञाच्या हातात, म्हणून एक-दोन-तीन तोच म्हणतो आणि सगळं अंग एकदम फिरतं, मान आधी आणि कंबर मागून असं अजिबात चालत नाही. नळी निसटली तर पालथ्या माणसाला ती परत घालणं भयंकर अवघड, त्यामुळे ट्रॉली ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, बाहेर तयारच ठेवतात, म्हणजे लगेच उताणं करता येतं.

हे ऑपरेशन म्हणजे पीसीएनएल. खडा २ सेंटीमीटरपेक्षा मोठा असला की सहसा हेच सुचवतात. पाठीच्या बाजूने सुई थेट किडनीत, मग ती वाट रुंद करून एक नळी, नेहमीच्या पद्धतीत ८ ते १० मिलिमीटरची, मिनी पद्धतीत त्याहून बारीक, आणि त्यातून दुर्बीण घालून खडा फोडायचा. १९७६ मध्ये स्वीडनच्या फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी अशा वाटेने खडा काढल्याचं प्रसिद्ध केलं, तेव्हापासून पालथं झोपवणं हीच रीत पडली. कारण सरळ आहे, किडनी पाठीला लागून असते, त्या बाजूने वाट जवळची आणि सुई टोचायला जागाही भरपूर.

पण पोट दाबलं गेलं की गडबड. छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा पडदा नीट खाली सरकत नाही, व्हेंटिलेटरला जोर लावावा लागतो, पोटातली मोठी शीर दबते आणि बीपी उतरू शकतं. म्हणून छातीखाली आणि ओटीपोटाच्या हाडांखाली उशा लावून पोट मोकळं सोडतात. डोळ्यांवर दाब नको, खांदा ९० अंशांपेक्षा जास्त उघडायचा नाही, कोपर, गुडघे, पायाची बोटं सगळ्याखाली मऊ काहीतरी. आपण झोपेत हात बधीर झाला की कूस बदलतो ना, भूल दिलेल्या माणसाला ते जमत नाही, त्याच्या वतीने कुणीतरी आधीच विचार करावा लागतो, आणि हे बघणारा माणूस बऱ्याचदा सर्जन नसतो, ओटीतली सिस्टर किंवा टेक्निशियन असतो, ज्यांचं नाव कुणी विचारत नाही.

मग १९८० च्या दशकात स्पेनमधल्या सारागोसाच्या वाल्दिविया यांनी म्हटलं, उताणंच ठेवू की. कुशीखाली सलाईनची फुगलेली पिशवी, अंग जरासं तिरकं, झालं. पुढे स्पेनमधल्याच गाल्दाकाओ गावच्या डॉक्टरांनी त्यात पायांची मांडणी बदलली, खड्याच्या बाजूचा पाय सरळ आणि दुसरा दुमडून बाजूला, म्हणजे एक सर्जन कुशीकडून आणि दुसरा लघवीच्या वाटेने, दोघं एकाच वेळी काम करू शकतात. नळीचा उतार खाली असतो, त्यामुळे पाणी आणि खड्याचा चुरा आपोआप बाहेर येतो, किडनीतला दाबही कमी राहतो. लठ्ठ किंवा छातीचा त्रास असलेल्या पेशंटसाठी भूलतज्ज्ञ तर यालाच पसंती देतात, तोंड समोर असतं ना.

तोटेही आहेत बरं का. उताण्या स्थितीत सुई टोचताना किडनी पुढे सरकते, वाट लांब पडते, वरच्या कप्प्यात पोचणं जड जातं. त्यामुळे पोटावर की पाठीवर यावर यूरॉलॉजिस्ट मंडळी अजून वाद घालतात, आणि मला विचाराल तर सर्जनचा हात ज्यावर बसलाय ते आणि पेशंटचं शरीर, या दोन्हीकडे बघून ठरवतात तेच बरोबर वाटतं.

लघवीच्या वाटेने लवचिक दुर्बीण घालून करतात त्या आरआयआरएसमध्ये पाय आधारांवर उचललेले असतात. इथे गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस आधारावर दाबली गेली तर नंतर पाऊल उचलता येत नाही, म्हणून तिथे गादी लागतेच, आणि दोन्ही पाय एकदमच वर-खाली करतात, नाहीतर कंबरेला पीळ बसतो.

तुमचं असं ऑपरेशन ठरलं असेल तर खांदा जखडलेला आहे, मान वळत नाही, खुबा बदललेला आहे, हे भूलतज्ज्ञाला आधीच सांगा, जागेपणी झोपून दाखवायला सांगितलं तर दाखवा. आणि शुद्धीवर आल्यावर हाताला मुंग्या किंवा पाऊल लुळं वाटलं तर भुलीमुळे असेल म्हणून गप्प बसू नका, वॉर्डातल्या सिस्टरना तेव्हाच सांगा.