उडी मारली, मग पुढं काय?

(गणेशोत्सवात गावात झालेलं व्याख्यान, थोडं आवरून लिहिलेलं)

नमस्कार मंडळी. मंडळाच्या पोट्ट्यांनी सांगितलं का भाऊ मोबाईल गेमवर बोला, तर आयाबायांना वाटलं असन हा आता गेम खेळू नका म्हणून सांगते. पण मी सोताच खेळतो, कोणत्या तोंडानं सांगू. म्हणून विषय घेतला विमानांच्या लढाईचा, त्यातही एकच गोष्ट, विमानाले गोळी लागली, पायलटनं उडी मारली, पुढं त्याचं काय होते.

बहुतेक गेममध्ये काहीच होत नाही. वॉर थंडर घ्या, कीबोर्डवर J हे बटन दाबून धरलं का गडी बाहेर, छत्री म्हणजे पॅराशूट उघडली, आणि तुम्ही दुसरं विमान निवडायले मोकळे. तो छत्रीवाला नाल्यात पडला का तुरीत, कोणाले घेणंदेणं नाही. बॅटलफील्डमध्ये तर आपले पोट्टे विमान ऑटोसारखं वापरतात, जिथं काम तिथं उतरायचं, आणि मागं ते विमान जाऊन टेकडीवर फुटते. मजा येते, नाही म्हणत नाही मी. पण असा माणूस लढते कसा ते पाहा, समोरच्यावर सरळ धडकायले जाते, पेट्रोल किती उरलं पाहत नाही, आणि घराकडं वळायचं असते हे त्याले माहीतच नाही, कारण वळून मिळते काय?

आता २००१ साली आलेलं आयएल-टू स्टर्मोविक पाहा, दुसऱ्या महायुद्धाचं. त्यात कंट्रोल धरून ई दाबायचं, पायलट उठते, बाहेर पडते. पण खाली जमीन कोणाची आहे हे मोजल्या जाते. आपल्या बाजूले उतरला तर परत आला, तिकडं उतरला तर कैदी, आणि फार खालून उडी मारली तर छत्री उघडायलेच वेळ नाही, खेळ खलास. ऑनलाईन काही सर्व्हर असे आहेत जिथं तुमच्या नावापुढं हा हिशोब राहते, मेला, पकडला, परत आला. तिथं माणूस वेगळाच उडते बाप्पा! समोरच्या काचेवर तेल उडालं, काही दिसत नाही, इंजिन तापून राहिलं, तरी गडी लगेच उडी मारत नाही, थ्रॉटल म्हणजे इंजिनचा जोर कमी करते, नाक जरासं खाली ठेवते, उंची खर्चत खर्चत नदीकडं सरकते, कारण नदीच्या अलीकडं आपली माणसं आहेत, आणि मागं एक शत्रू लागला असला तर वळून लढायचं का सरळ जायचं हे ठरवायले दोन सेकंद. माझ्या मते पूर्ण गेममध्ये हेच दोन मिनिटं खरे. तिथं पाडलेल्या विमानांचा आकडा कोणाले आठवत नाही.

छत्रीवर गोळी मारायची का? जुन्या आयएल-टूमध्ये मारता येते. पोट्टे म्हणतात, भाऊ गेमच तर आहे. हाव, गेमच आहे, पण खऱ्या लढाईसाठी १९७७ च्या जिनिव्हा प्रोटोकॉलमध्ये यावर कलमच आहे, ४२ वं. संकटातल्या विमानातून उडी मारलेल्यावर तो खाली येईपर्यंत हल्ला करायचा नाही, आणि शत्रूच्या मुलखात उतरला तरी आधी त्याले शरण यायची संधी द्यायची. छत्रीनं उतरणारे सैनिक वेगळे, ते लढायलेच येतात, त्यांना हे संरक्षण नाही. अन् कायदा सोडा, छत्रीवर नेम धरायले तुम्ही सरळ उडता, तेवढ्यात तुमच्या मागं कोणी लागलं असते. तुमची छत्री पुढची.

अन् पहिल्या महायुद्धात तर इंग्रज पायलटांना छत्री दिलीच नव्हती, बलूनमध्ये बसून टेहळणी करणाऱ्यांना मात्र होती. काय म्हणावं याले.

जेट विमानात उडी नसते, खुर्चीच उडते. डीसीएस नावाच्या गेममध्ये कंट्रोल ई तीनदा दाबा लागते, चुकून हात लागून कोणी बाहेर नको फेकल्या जायले म्हणून. आणि मग तो पायलट खाली उतरून टुणटुणीत उभा राहते, हे काही मले पटत नाही. खरी खुर्ची रॉकेटनं सुटते, मणक्यावर असा दणका बसते का कित्येकांचे मणके दबतात. १९९९ मध्ये कारगिलले आपल्या हवाई दलाचे पायलट नचिकेत यांचं मिग-२७ बंद पडलं, ते बाहेर पडले, पाकिस्ताननं पकडलं, आठवड्याभरात सुटले, पण पाठीच्या दुखापतीमुळं पुढं मालवाहू विमानांकडं गेले.

आणि पकडल्यावर गेम संपते ना, माझी तक्रार तिथं आहे. आपल्या हवाई दलाचे पायलट दिलीप परुळकर, १९७१ च्या डिसेंबरात त्यांचं सुखोई-७ पडलं, कैद झाली. ते काय गप बसले? १९७२ च्या ऑगस्टमध्ये रावळपिंडीच्या कॅम्पची भिंत पोखरून ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांच्यासंगं निघाले, बसनं, पायी, पार लंडी कोतलपर्यंत, अफगाणिस्तानची सीमा तोंडावर. तिथं त्यांनी लंडी खाना कुठं म्हणून विचारलं, आणि ते स्टेशन इंग्रजांच्याच काळात बंद पडलेलं! लोकांना संशय आला, धरले गेले. डिसेंबरात सुटले. आता सांगा, याच्यापुढं कोणतं मिशन भारी आहे, पण कोणी बनवत नाही.

थोडंफार खेळणाऱ्यांनीच बनवलं म्हणा. डीसीएसमध्ये काही जणांनी स्क्रिप्ट म्हणजे गेममध्ये जोडायचा छोटा प्रोग्राम लिहिला, उडी मारलेला पायलट नकाशावर राहते, रेडिओवर सिग्नल देते, आणि दुसऱ्या खेळाडूनं हेलिकॉप्टर घेऊन त्याले आणायचं. सिग्नलची दिशा दाखवणारी सुई पाहत पाहत जायचं, झाडात जागा शोधायची, आणि शत्रूच्या गोळ्या चालू असताना हेलिकॉप्टर स्थिर धरायचं. मी विमान सोडून आता हेच करतो. कोणी थँक्यू भाऊ म्हटलं का बरं वाटते.

हां, तू मागं हात वर केला ना? मोबाईलवर नाही चालत बाबू, डीसीएसले तर तालुक्याच्या कॅफेतला कॉम्प्युटरही पुरत नाही. आयएल-टूची १९४६ वाली आवृत्ती मात्र जुन्यापुराण्या मशीनवरही चालते. ज्याले पाहायचं त्यानं आरतीनंतर थांबा, लॅपटॉप आणला आहे, चार्जिंग आहे तोवर दाखवतो.